बंड्याला घेऊन गणपतीला

आमचा बंड्या सहा वर्षांचा आहे. नारिंगी पट्ट्यांचा बोका, वजन पाच किलोच्या थोडं वर. ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही त्याला पुण्याहून गाडीने गुहागरजवळच्या आमच्या वाडीत नेलं, गौरी-गणपती होईपर्यंत तिथे ठेवलं आणि सुखरूप परत आणलं. "मांजराला एवढ्या लांब कुणी नेतं का?" असं त्या महिन्यात सोसायटीत, ऑफिसात, अगदी दूधवाल्यानेही विचारलं. कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला, हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. पण आमच्यापुढे २०२४ चा गणपती होता.

त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. बंड्याला पुण्यात एका बोर्डिंगमध्ये ठेवून आम्ही गावी गेलो. जागा स्वच्छ होती, माणसं बरी वाटली होती. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला, "तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, बहुतेक पोट साफ होत नाहीये." मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे, काल दुपारपासून. माझी एक मैत्रीण तेव्हा पुण्यातच होती. ती हातातलं काम टाकून गेली आणि त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. पोटाचा काही प्रश्न नव्हता, त्याची लघवी तुंबली होती. मूत्राशय फुगून दगडासारखं टणक झालं होतं. भूल देऊन कॅथेटर घालावा लागला, पुढे तीन दिवस सलाइन. आम्ही गौरीपूजन टाकून निघालो. दवाखान्याच्या पिंजऱ्यात गळ्याला प्लास्टिकचा कोन लावून तो बसला होता आणि मला बघून त्याने आवाजसुद्धा केला नाही. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं, ते बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. जागा बदलली, माणसं बदलली, अनोळखी मांजरांचा वास आला की त्याच्यावर ताण येतो. ताणाने मूत्राशयाला आतून सूज येऊ शकते. मग चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून नळीत बूच बसतं. लघवी बाहेर पडली नाही की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदयच बंद पडू शकतं. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन जोर करणारा बोका दिसला की ते बद्धकोष्ठ असेल असं मानायचंच नाही, तडक दवाखाना गाठायचा.

खरं सांगायचं तर मांजराला स्वतःच्याच घरात ठेवून ओळखीच्या कुणी दिवसातून दोनदा येऊन बघणं, हा सगळ्यांत बरा मार्ग. प्रवासापेक्षा नक्कीच बरा. पण गणपतीत पुण्यातली आमची निम्मी सोसायटी कोकणात नाहीतर घाटावर आपापल्या गावी असते. ती मैत्रीणही आता बंगळुरूला गेली आहे. मी एकटी मागे राहते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सुनेशिवाय गौरी कशा आणायच्या? त्यापेक्षा त्यालाच घेऊन चल." ज्या बाईंनी सुरुवातीची दोन वर्षं बंड्याला हात लावला नव्हता, त्यांच्या तोंडून हे आलं.

जुलैच्या शेवटी काकांना फोन केला. गावचं घर काका-काकूंच्या हाती आहे, त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवणं बरं दिसलं नसतं. काका लगेच म्हणाले, "आणा की. उंदीर तरी कमी होतील." काकूंनी मात्र फोन मागून घेतला. त्यांची काळजी नैवेद्याची होती. पाटावरच्या मोदकांना मांजराने तोंड लावलं तर? मी शब्द दिला की तो एका खोलीत राहील, खोलीचं दार बंद असेल आणि त्याचं सगळं मी बघेन. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळंतिणीची खोली मोकळी करून ठेवते."

आमच्या गावच्या घराला माजघराच्या बाजूला ही छोटी, काळोखी खोली आहे. एकच झरोका, जाड भिंती, आतून-बाहेरून कडी. माझे सासरे आणि काका त्याच खोलीत जन्मले. आता तिथे पेटारा, जुन्या गोधड्या आणि चतुर्थीची मोठी भांडी असतात. घाबरलेल्या मांजराला लागणारं सगळं त्या खोलीत होतं, आणि काकूंना ते न सांगता सुचलं होतं.

मग तयारी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, निदान तीन आठवडे द्या. मी चार दिले.

पिंजरा आधी बदलला. जुना कापडी होता, समोरून चेन असलेला. त्यात बंड्याला घालायचं म्हणजे मागून ढकलायचं आणि काढायचं म्हणजे ओढायचं. नवा टणक प्लास्टिकचा घेतला, वरूनही झाकण उघडणारा. पहिले दहा दिवस त्याचं दारच काढून ठेवलं आणि तो हॉलमध्ये टीव्हीखाली मांडला. आत माझ्या जुन्या सुती साडीची घडी. बंड्याचं ताट रोज त्या पिंजऱ्याच्या थोडं थोडं जवळ, मग उंबऱ्यावर, मग आत. सातव्या दिवशी दुपारी तो आपणहून आत जाऊन झोपला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. कणीक मळायची थांबवून तशीच उभी राहिले.

त्यानंतर दार लावलं, पण मिनिटभरच. मग पाच मिनिटं. मग पिंजरा उचलून घरातल्या घरात एक फेरी. मग लिफ्टने खाली, उभ्या गाडीत बसून पुन्हा वर. मग गाडी चालू करून, जागची न हलवता. प्रत्येक वेळी परत आल्यावर त्याला आवडीचा उकडलेला कोंबडीचा तुकडा, मीठ-मसाला काही नाही. नवरा ऑफिसातून दमून आलेला असायचा, तरी रोज संध्याकाळी गाडीची किल्ली घेऊन उभा राहायचा. हे सगळं वाचायला सोपं वाटतं. करताना रोजचा अर्धा तास जातो आणि मध्ये एक दिवस घाई केली की दोन पावलं मागे यावं लागतं.

मी घाई केली ती पहिल्या खऱ्या फेरीला. सिंहगड रोडवरून निघालो आणि विसाव्या मिनिटाला त्याने उलटी केली. निघण्याआधी तासभर तो पोटभर जेवला होता आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गाडी लागणं मांजरांतही माणसांसारखंच असतं. आधी लाळ गळते, मग ओठ चाटत राहतात, मग उलटी. पुढच्या वेळी चार-पाच तास आधी खाणं बंद केलं, पाणी मात्र ठेवलं. पिंजरा मागच्या सीटवर ठेवत होतो, तो खाली ठेवून बघितला, पुढच्या सीटच्या मागे पायाशी, दोन्ही बाजूंनी घट्ट बसेल असा. वरून पातळ चादर टाकली, हवेसाठी एक बाजू उघडी. खिडकीतून पळणारी झाडं दिसेनाशी झाली आणि लाळ निम्म्याने कमी झाली. खेड-शिवापूरपर्यंत जाऊन परत आलो, तो नुसता ओरडला. डॉक्टर म्हणाले, ओरडू द्या, ओरडणारं मांजर ठीक असतं. तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं तर मात्र लगेच थांबा, ते उष्णतेचं किंवा फार भीतीचं लक्षण.

प्रवासासाठी त्यांनी गॅबापेंटिनच्या, ताण कमी करणाऱ्या, कॅप्सूल दिल्या. एक आदल्या रात्री, एक निघायच्या दोन तास आधी. डोस इथे लिहीत नाही, तो मांजराच्या वजनावर आणि मूत्रपिंडांच्या तब्येतीवर ठरतो. एका रविवारी घरीच देऊन बघायला सांगितलं होतं, तसं बघितलं. बंड्या दोन तासांनी जरा झुलत चालायला लागला आणि संध्याकाळपर्यंत पडून राहिला. आधी पाहिलेलं असल्यामुळे प्रवासात त्याला तसं बघून घाबरायला झालं नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलेल्या दोन गोष्टीही सांगते. माणसांची कुठलीही गोळी आपल्या मनाने द्यायची नाही, विशेषतः पॅरासिटामॉल, एका गोळीनेही मांजर जातं. आणि गावात गोचीड फार म्हणून कुत्र्यांचं औषध मांजराच्या अंगावर टाकायचं नाही, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. त्याच्यासाठी मांजराचंच औषध मानेवर लावून घेतलं. रेबीजची आणि बाकीची लस झालेली होती, पुस्तिका सोबत घेतली.

शेवटचा प्रश्न मी दरवाज्यातून विचारला. तुंबलीच तर?

त्यांनी मला परत बसायला सांगितलं. "तो शांत पडून असेल, ट्रेकडे फिरकलाच नसेल, तर चोवीस तास वाट बघा. ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय आणि काही येत नाही असं दिसलं, तर घड्याळ बघू नका. रात्र असो, पाऊस असो, निघा." वाडीपासून जवळचे सरकारी दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी बघतात. म्हणून फोन करकरून चिपळूणला मांजराला कॅथेटर घालणारे एक डॉक्टर शोधले, त्यांच्याशी बोलून ठेवलं. घरापासून सव्वा ते दीड तास. तो नंबर फोनमध्ये होताच, शिवाय कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवला, कारण वाडीत पावसात रेंज जाते, तेव्हा शेजारच्या कुणाच्याही फोनवरून तो लावता आला पाहिजे.

२५ ऑगस्टला, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, पहाटे साडेचारला निघालो. पावणेचारला त्याने ट्रेमध्ये लघवी केली होती. मी वेळ लिहून ठेवली. सामानात त्याचाच ट्रे, त्याचीच माती, आणि त्या मातीतलं एक वापरलेलं ढेकूळ पिशवीत बांधून. नव्या जागी आपलाच वास असला तर तो तिथे बसेल म्हणून. घरचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये. न धुतलेली त्याची चादर. सासूबाई पुढच्या सीटवर, नवरा गाडी चालवायला, मी मागे.

कात्रजचा नवा बोगदा येईपर्यंत त्याने जो सूर लावला, तो घरच्या म्यावपेक्षा वेगळाच होता, खोल, पोटातून आलेला. खंबाटकीचा घाट चढताना जास्त. सासूबाई हलक्या आवाजात रामरक्षा म्हणायला लागल्या. त्या रोजच म्हणतात, पण त्या दिवशी दोनदा म्हणाल्या. सातारा मागे पडेपर्यंत गोळीचा अंमल आला असावा. ओरडणं थांबलं. चादर जराशी बाजूला करून बघितलं, तर पंजे छातीखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून बसला होता.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो आणि पाटणला चहासाठी थांबलो. तिथे माझ्या हातून चूक झाली. त्याला जरा कुरवाळावं म्हणून मी वरचं झाकण उघडलं. नेमकं त्याच क्षणी सासूबाईंनी पाय मोकळे करायला पुढचं दार उघडलं. बाहेरून ट्रक गेला, त्याचा हॉर्न वाजला, आणि गोळीने सुस्तावलेला बंड्या एका झेपेत पिंजऱ्याबाहेर आला. मागच्या दारांना चाइल्ड लॉक होतं, पण तो दोन सीटच्या मधून पुढे चालला होता. त्याच्या अंगात पट्टा होता म्हणून वाचलो. माझ्या बोटांत पट्ट्याची मागची कडी सापडली. त्याने मनगटावर ओरबाडलं, खोल, पण मी हात सोडला नाही. अनोळखी गावात, हमरस्त्यावर, पावसात तो सुटला असता तर सापडला नसता. सासूबाई थरथरत होत्या. चूक माझी होती, तसं मी त्यांना सांगितलं, आणि तेव्हाच ठरलं की चार भिंतींच्या आत, दार बंद असल्याशिवाय पिंजऱ्याचं झाकण उघडायचं नाही, मग तो कितीही रडो. चहा आळीपाळीने घेतला. एक जण कायम गाडीत, एसी चालू. पाऊस असला तरी बंद गाडीत एकटं ठेवायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं.

कोयनानगर सोडलं आणि कुंभार्ली घाटात धुक्याने रस्ता भरून टाकला. दहा फुटांपुढचं दिसत नव्हतं. एरवी मी या घाटात काच खाली करून धबधबे बघत बसते. या वेळी सगळं लक्ष पायाशी. नवऱ्याने गाडी इतकी हळू घेतली की मागून येणारे हॉर्न वाजवत पुढे जात होते. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर बंड्याने ओठ चाटायला सुरुवात केली, लाळेने साडीची घडी ओली झाली, आणि पोफळी यायच्या थोडं आधी पिवळसर फेसाची एक उलटी. पोफळीला गाडी बाजूला घेतली. झाकण न उघडता समोरच्या दाराच्या फटीतून ओला कपडा ओढून काढला, कोरडा सरकवला. त्याने माझ्या बोटाला नाक लावलं. तेवढ्याने मला धीर आला.

चिपळूण, मार्गताम्हाने, शृंगारतळी. घरी पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. अंगणात सगळे जमले होते, पुतण्यांना बोका बघायचा होता. काकूंनीच त्यांना मागे सारलं. "वाट द्या, आधी त्याला आत जाऊ दे."

खोली त्यांनी शेणाने सारवून ठेवली होती. झरोक्याला जाळी ठोकली होती. पेटारा भिंतीपासून वीतभर पुढे सरकवला होता, मागे लपायला जागा राहील असा. ट्रे एका कोपऱ्यात, पाणी आणि खाणं समोरच्या कोपऱ्यात. कडी लावून मी पिंजरा उघडला. तो पोट जमिनीला घासत निघाला आणि थेट पेटाऱ्यामागे गेला.

आता वाट बघायची होती. दुपारी दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता, मी दार हळूच उघडून आत जायचे, ट्रेमधली माती बघायचे. तशीच सपाट. खाण्याला तोंड नाही, पाण्याला नाही. बाहेर गणपतीच्या डोक्यावरची पानाफुलांची माटवी बांधायचं काम चाललं होतं, माजघरात करंज्यांचं सारण भाजत होतं, हसण्याचे आवाज येत होते. मी कुणाशी धड बोलत नव्हते. रात्री जेवणं झाल्यावर मी त्या खोलीतच गोधडी टाकली. थोड्या वेळाने दार वाजलं. सासूबाई होत्या, हातात उशी. म्हणाल्या, "तू झोप थोडी, मी जागी आहे." दोघीही झोपलो नाही. कौलांवर पाऊस कोसळत होता. त्या अंधारात त्या मला त्यांच्या माहेरच्या मांजरीची गोष्ट सांगत होत्या, जी पिल्लं तोंडात धरून खरंच घरोघर फिरली होती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात ना, तशी. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे घर बदलायची सवय असते त्यांना. होईल त्याची."

मी मनात तास मोजत होते. पावणेचारपासून. अकरा वाजता एकोणीस तास. एक वाजता एकवीस. चिपळूणच्या रस्त्यावर पाणी आलं तर काय, याचा विचार करत होते. नवऱ्याने गाडी अंगणातून तोंड रस्त्याकडे करून लावून ठेवली होती. त्याने ते मला सांगितलं नव्हतं, सकाळी दिसलं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी पेटाऱ्यामागे हालचाल झाली. नखांचा आवाज सारवलेल्या जमिनीवर. मी सासूबाईंचा हात धरला. तो पाण्याकडे गेला, वास घेतला, वळला. ट्रेमध्ये चढला. माती उकरली. मग स्तब्ध झाला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. नुसता जोर करतोय की लघवी करतोय ते अंधारात कळत नव्हतं आणि टॉर्च लावायची हिंमत नव्हती. मग मातीवर धार पडल्याचा आवाज आला, बारीक, न तुटता, बराच वेळ.

तो उतरून गेल्यावर मी टॉर्च लावली. मोसंबीएवढं ढेकूळ, रक्ताचा अंश नाही. सासूबाईंनी देवघराच्या दिशेला हात जोडले. मी रडले. त्यानंतर दहा मिनिटांत त्याने पाणी मिसळलेलं खाणं अर्धं संपवलं आणि माझ्या पायाशी येऊन बसला.

पहाटे चूल पेटवायला उठलेल्या काकूंनी मला बघितल्या बघितल्या विचारलं, "झाली का त्याला?"

पुढचे दिवस मानाने सोपे गेले, पण सैल सोडता आले नाहीत. माटवीला पोरांनी सड्यावरून शेरवड, कवंडळं आणली होती, आणि लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी. ती माटवीची शोभाच आहे, पण तिच्या सगळ्या भागांत, कंदात तर फारच, कोल्चिसिन नावाचं विष असतं. मांजराला घातक, माणसालाही. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "ठाऊक आहे, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत." तरी त्यांनी ती माटवीच्या मध्यभागी, उंचावर बांधली आणि गळलेल्या पाकळ्या रोज केरसुणीने झाडून घ्यायला एका पुतण्याला नेमलं. पुण्यात कुणाकडे लिलीची फुलं फुलदाणीत असतील, तर त्यांनाही हे सांगते. खऱ्या लिलीचे परागकण अंगावरून चाटून पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

आरतीच्या वेळी झांजा-मृदंग सुरू झाले की मी आत त्याच्याजवळ बसायचे. जाखडी नाचणारे अंगणात आले त्या रात्री ढोलकी आणि घुंगरांचा आवाज दोन तास चालला. तो पेटाऱ्यामागे गेला, पण धाप नाही, लाळ नाही. खाण्याला उशीर झाला एवढंच. आरती मला बंद दारामागून म्हणावी लागली. त्याचं वाईट वाटलं नाही. भिंतीपलीकडे गणपती होताच.

चौथ्या दिवशी, दुपारी सगळे झोपलेले असताना, त्याला पट्टा आणि दोरी लावून पडवीत आणलं. त्याने पहिली पंधरा मिनिटं फक्त हवा हुंगली. ओल्या मातीचा, गोठ्याचा, फणसाच्या पानांचा वास पुण्याच्या चौथ्या मजल्यावर कुठून येणार? मग एक बेडूक उड्या मारत गेला आणि त्याचे कान पुढे झाले. अंगणात मात्र उतरू दिलं नाही. जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, फुरसं हे विषारी साप असतात आणि पावसाळ्यात ते गवतातून फिरतात. शिवाय वाडीतला एक दांडगा बोका कुंपणावर बसून बघत होता.

३१ ऑगस्टला गौरी आल्या. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य असतो. पानं वाढून झाल्यावर काकू एका वाटीत चार तुकडे घेऊन आल्या. मसाला घालायच्या आधीच त्यांनी ते बाजूला काढून उकडले होते. मीठसुद्धा नव्हतं. "याला कसं लागतं ते तू सांगितलं होतंस ना," म्हणाल्या, आणि पहिल्यांदा स्वतः त्या खोलीत शिरल्या. बंड्या उठला, वाटीपाशी न जाता आधी त्यांच्या पायांना पाठ घासून गेला. त्या हलल्या नाहीत. लुगड्याला नारिंगी केस चिकटले ते त्यांनी झटकलेही नाहीत.

परतीचा प्रवास ३ सप्टेंबरला. त्याच गोळ्या, तसंच उपाशी पोट, झाकण एकदाही उघडलं नाही. घाट चढताना लाळ गळली, उलटी झाली नाही. येताना खंबाटकीचा घाट लागत नाही, बोगद्यातून येतो, त्याचाही फरक पडला असेल. घरात पाऊल टाकल्यावर त्याने प्रत्येक खुर्चीला, प्रत्येक दाराच्या चौकटीला गाल घासले आणि तासाभरात ट्रेमध्ये जाऊन आला. पुढचे दोन आठवडे मी वहीत वेळा लिहीत होते. नंतर लिहिणं आपोआप सुटलं.

पिंजरा अजून टीव्हीखाली आहे, दार काढलेला, आत तीच साडी धुऊन घातलेली. दुपारी तो तिथेच झोपतो.

दिवाळीत काकूंशी बोलताना मी विचारलं, बाळंतिणीच्या खोलीत पुन्हा भांडी ठेवलीत का? म्हणाल्या, "भांडी ठेवली. पेटारा मात्र तसाच पुढे ठेवलाय. आता परत कशाला ढकला?"